मेनाजीच्या नावची मूठ

कानबाईचे रोट बाहेरच्याला देत नाहीत. खानदेशात हे कुणाला शिकवावं लागत नाही, पोरगं चालायला लागलं की त्याला ते आपोआप कळतं. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई देवी घरी येते. घरात जेवढे पुरुष तेवढ्या मुठी गहू, एकेकाचं नाव घेऊन, सुपात टाकायचे. त्याच गव्हाच्या पिठाचे नैवेद्याचे जाड रोट करायचे आणि ते घरच्यांनी, फार तर भाऊबंदांनी खायचे. पाहुणा कितीही लाडका असो, अगदी जावई का असेना, त्याला त्या दिवशी वेगळं ताट. उरले तर पुनवेच्या आत संपवायचे. भाऊ वेगळे होतात, शेत वाटलं जातं, विहिरीच्या पाळ्या ठरतात, तरी लोक म्हणतात की घर अजून एक आहे, रोट एक आहेत ना. रोट वेगळे झाले की मग म्हणायला काही उरत नाही.

बोरखेड्याच्या रुक्माबाईचे रोट वेगळे झाले ते एका चिंचेपायी. चिंच होती तिच्या आणि तिच्या दिराच्या, झुलालच्या, बांधावर. नवरा चुडामण तापानं गेला, त्याच उन्हाळ्यात झुलालनं सावली पडते म्हणून चिंच तोडली. रुक्माबाई बोलू नये ते बोलली, झुलालही बोलला, आणि दोघांच्या बोलण्यात चिंच कुठंच राहिली नाही, सगळं जुनं उकरून झालं. श्रावण आला तेव्हा रुक्माबाईनं निरोप धाडला की माझे रोट माझ्या घरी. राग होता तोवर बरं वाटलं. रागाचं असं असतं की तो घर बांधून देतो, पण राहायला माणसं देत नाही. गावातलं घर सोडून ती शेतातल्या दोन खोल्यांत राहायला गेली. मुलगा पितांबर सुरतेला कापडाच्या कारखान्यात लागला, तिकडचाच झाला. कानबाईला येईन म्हणायचा. तो म्हणायचा आणि ती वाट बघायची, असं काही श्रावण चाललं.

अठ्ठ्याऐंशी साली पाऊस चांगला झाला आणि कपाशीवर अळी त्याहून चांगली झाली. तेव्हा अमळनेरच्या बाजूनं एक कंपनी आली, विमानानं औषध मारणारी. रुक्माबाईच्या शेताला लागून गायरान होतं, ते सपाट करून त्यावर मुरूम दाबला आणि एक पिवळं, एका माणसाचं विमान तिथं आणून उभं केलं. बोरखेड्यात विमानाला इमान म्हणतात. खऱ्या इमानाला काय म्हणतात ते मला विचारू नका, गावात त्याचं काम फारसं पडत नाही. इमान बघायला पहिले काही दिवस जत्रा लोटली. मग रोज सकाळी तेच उडतं, तेच उतरतं म्हटल्यावर लोक आपापल्या कामाला लागले. उरली एकटी रुक्माबाई, कारण तिचं घर तिथंच होतं आणि औषध कालवायला पाणी तिच्या विहिरीचं होतं.

विमान चालवणारा माणूस पन्नाशीचा, सडपातळ, डोक्यावर कापडी टोपी. गोव्याकडचा किरिस्ताव. नाव मेनेझिस. गावचा तोताराम तिथं निशाणवाला म्हणून लागला होता. कपाशीत पांढरं निशाण धरून उभं राहायचं आणि विमान डोक्यावरून गेलं की पुढच्या ओळीला सरकायचं, असं त्याचं काम. तोतारामच्या जिभेला मेनेझिस काही वळेना. त्यानं त्याचं मेनाजी केलं, आणि मेनाजी म्हटल्यावर तो माणूस बोरखेड्याचाच वाटायला लागला. त्यालाही ते चाललं. हाक कुणी मारतंय हेच त्याला पुष्कळ असावं.

पहिल्यांदा तो पाणी मागायला आला. 

"बाई, प्यायला पाणी मिळेल?" 

तिनं तांब्या दिला. तो निंबाखालच्या बाजेवर टेकला, पाणी प्याला, तांब्या उपडा करून ठेवला आणि गेला. दुसऱ्या दिवशी तिनं चहा ठेवला. वारा सुटायच्या आत फवारणी उरकायची असते, त्यामुळे त्याचं काम ऊन चढेपर्यंत संपायचं. कंपनीची माणसं जीपनं अमळनेरला परतायची, तो मागं रेंगाळायचा. तोतारामचं ऐकून तो तिला अक्का म्हणायला लागला. 

फार बोलणं नव्हतंच. ती अहिराणीत बोलायची, तो पुस्तकातल्यासारखं मराठी बोलायचा, आणि दोघांनाही समोरच्याचं निम्मं कळायचं. ती पितांबरचं सांगायची. त्याचं लग्न, सुरतेची खोली, नातवाला अजून बघितलं नाही ते. तो मान हलवायचा. एकदा तिनं विचारलं, "तुन्हा घर कोन कोन शे?"

"होते," तो म्हणाला.

तिनं पुढं विचारलं नाही. "होते" म्हणजे काय हे तिला समजावून सांगायची गरज नव्हती. पण त्या दिवसापासून ती सकाळी विमानाचा आवाज ऐकत उठायची आणि ते परत उतरेपर्यंत हातातल्या कामात तिचं चित्त नसायचं. पितांबर लहान असताना विहिरीवर पोहायला जायचा तेव्हा तिला असंच व्हायचं. बऱ्याच वर्षांनी कुणाची तरी काळजी वाटत होती, आणि खरं सांगायचं तर तिला त्याचं सुख वाटत होतं.

कानबाईचा रविवार आला. पितांबर आला नव्हता. रुक्माबाईनं न्हाऊन, घर सारवून, जात्यापाशी सूप घेतलं. कोठीतून मूठभर गहू काढले. "पितांबर," ती म्हणाली आणि मूठ सुपात टाकली. नातवाचं नाव घेऊन दुसरी टाकली. सूप रिकामंच दिसत होतं. झुलालच्या घरी या वेळी सुपात ढीग पडला असेल, बायका हसत असतील, कुणाचं नाव राहिलं म्हणून ओरडत असतील. तिचा हात पुन्हा कोठीत गेला आणि तोंडानं म्हटलं, "मेनाजी."

ती स्वतःच दचकली. आजूबाजूला कुणी नव्हतं. गहू वेचून परत कोठीत टाकले असते तर कुणाच्या बापाला कळणार होतं? पण नाव घेतलेली मूठ परत टाकता येत नाही. तसं करणं म्हणजे त्या माणसाचं वाईट चिंतणं. तिनं तीनही मुठी जात्यात घातल्या आणि ओवी न म्हणता दळायला बसली.

संध्याकाळी आभाळ भरून आलं, म्हणून मेनेझिस तोतारामला घेऊन विमानावरची ताडपत्री बघायला आला. ते काम झाल्यावर रुक्माबाईनं हाक मारली. तोतारामला म्हणाली, "तू घर जाय रे, तुन्हा रोट तठे वाट देखी ऱ्हायनात." तोताराम निघाला, पण जाता जाता त्यानं दारातून आत बघितलं. चौरंगावर कानबाई बसली होती, नारळाला नथ, अंगावर खण, आणि तिच्यासमोर दोन ताटं मांडली होती. तोतारामसारख्या माणसाला तेवढं पुरतं.

ताटात रोट, गिलक्याची भजी, खीर. मेनेझिसनं विचारलं, "आज काय आहे?"

तिनं सांगितलं. काही लपवलं नाही. 

"हाई बाहेरनाले देतस नही. घरनाच खातस."

"मग मी?"

"तुन्हा नावनी मूठ टाकेल शे."

त्यानं टोपी काढून मांडीवर ठेवली. 

"माझ्या नावाचं ताट कुणी वाढून फार वर्षं झाली, अक्का," तो म्हणाला, आणि मग सगळं जेवला, भज्याचा तुकडासुद्धा टाकला नाही. ती समोर बसून जेवली. कानबाईच्या दिवशी ती घरात एकटी जेवली नाही, एवढ्यावरच तिचा जीव भरून गेला.

सोमवारी सकाळी कानबाई नदीवर शिरवायला, म्हणजे पाण्यात सोडायला नेतात. गावच्या सगळ्या बायका डोक्यावर चौरंग घेऊन, गाणी म्हणत, फुगड्या घालत पांझरेवर आल्या होत्या. रुक्माबाई आपली कानबाई घेऊन सगळ्यांच्या मागं होती. पुढं झुलालची बायको ताईबाई होती, आपल्या सुनांच्या घोळक्यात. रात्री पाऊस पडून गेला होता, ऊन स्वच्छ होतं. गायरानातून विमानाचा आवाज आला तशी पोरांनी आरडाओरडा केला. विमान औषधानं भरलेलं, जड, धावपट्टीच्या टोकाला जाऊन उचललं गेलं. बाभळीच्या शेंड्यांवरून पुढं आलं. आणि मग आवाज तुटला. पुन्हा आला. पुन्हा तुटला.

बायकांचं गाणं थांबलं. विमानानं वळायला बघितलं, एक पंख खाली गेला, आणि ते नाल्यापलीकडच्या कपाशीत पडलं. आगीचा लोळ वगैरे काही उठला नाही. मोठं भांडं फरशीवर आपटावं तसा आवाज आला आणि मग काहीच नाही.

रुक्माबाईनं कानबाई तिथंच काठावरच्या वाळूत ठेवली आणि धावत सुटली. मागं कुणीतरी ओरडलं, "ओ माय, कानबाई टाकी दिधी!" ती थांबली नाही. तिची कानबाई मग कुणीतरी पाण्यात सोडली, कुणी ते तिनं कधी विचारलं नाही. ती पोचली तेव्हा तोताराम आणि आणखी दोघं-तिघं त्याला बाहेर ओढत होते. औषधाचा वास असा की डोळे उघडेनात. मेनेझिस जिवंत होता. तोंड रक्तानं भरलं होतं आणि एक पाय नको तिकडे वळला होता. ती "मेनाजी, ओ मेनाजी" म्हणत राहिली. मग जीप आली आणि त्याला धुळ्याला घेऊन गेली. जीपमध्ये तिला कुणी ये म्हटलं नाही.

कंपनीचे लोक संध्याकाळी येऊन बघून गेले. तोताराम म्हणाला, विमानाच्या तेलाची पिंपं रात्री पावसात उघडी राहिली, तेलात पाणी गेलं असं ते म्हणतात. तेलात पाणी. पण तोवर गावाला दुसरं उत्तर मिळालेलं होतं, आणि ते दिलं होतं तोतारामनंच, दोन ताटांचं. रोट बाहेरच्याला चारले, तोही किरिस्ताव, आणि दुसऱ्या दिवशी कानबाईच्या डोळ्यांदेखत तो आभाळातून खाली आला. आता याला पुरावा आणखी काय पाहिजे? बायका विहिरीवर तेच बोलत होत्या. रुक्माबाईला तोंडावर कुणी काही म्हणालं नाही. ती दळण घेऊन चक्कीवर गेली तेव्हा सगळ्या गप्प झाल्या, बस्स.

आणि तिला स्वतःलाही तसंच वाटत होतं. हे मी लपवत नाही, तिनंही लपवलं नसतं. तेलातलं पाणी तिनं ऐकलं होतं, पण पाणी त्याच रात्री का शिरलं? ताडपत्री बघायला आलेल्या माणसाला जेवायला कुणी बसवलं? तो जेवत बसला नसता तर त्यानं पिंपांकडे एकदा बघितलं असतं. कुठूनही सुरुवात केली तरी बोट तिच्याकडेच वळत होतं. टोपलीत उरलेले रोट होते, पुनवेच्या आत संपवायचे होते, आणि तिला घास उतरत नव्हता. मी त्याच्यावर हे आणलं का, एवढंच तिला कळायला हवं होतं. सांगणारं कुणी नव्हतं.

मंगळवारी ती पहिल्या एस्टीनं धुळ्याला गेली. आयुष्यात एकटीनं ती धुळ्याला कधी गेली नव्हती. विचारत विचारत मोठ्या दवाखान्यात पोचली. दारावरच्या माणसानं हात आडवा केला. 

"नातेवाइकांनाच सोडतो. कोण लागता तुम्ही पेशंटच्या?"

रोजचा प्रश्न, दिवसातून शंभर जणांना विचारलेला. पण त्या एका प्रश्नात तिचं सगळंच होतं. मी कुणी लागत नाही म्हटलं, तर तो बाहेरचा, आणि बाहेरच्याला रोट घातले म्हणून त्याच्यावर हे आलं. आणि तो घरचा असेल, तर घरच्यानं घरचे रोट खाल्ले, यात कानबाईनं कोपायचं काय? मग तिचा दोष नाही. पण मग जे काही होईल ते घरच्या माणसाचं असेल, आणि ते तिला घरच्यासारखं सोसावं लागेल. दोन्हीतलं एकच मिळणार होतं.

"मना भाऊ शे," ती म्हणाली.

दारावरच्यानं तिच्या नऊवारीकडे बघितलं, मग म्हणाला, "जा."

मेनेझिस कोपऱ्यातल्या खाटेवर होता. डोक्याला, छातीला पट्ट्या. डोळे उघडे होते, पण त्यांत ओळख नव्हती. तो काहीतरी बोलत होता, त्याच्या तिकडच्या भाषेत, हळू आवाजात, मधेच लहान पोरासारखं हट्टानं. रुक्माबाईला एक शब्द कळत नव्हता. ती खाटेशेजारी खाली बसली, त्याचा हात हातात धरला आणि प्रत्येक बोलण्याला "हा भाऊ, हा" म्हणत गेली. त्यानं काय मागितलं आणि ती कशाला हो म्हणाली, हे देवालाच ठाऊक. पण ती हो म्हणाली की तो घटकाभर शांत व्हायचा. दुपारनंतर त्याचं बोलणं थांबलं. मग श्वास थांबला. नर्सनं येऊन चादर वर ओढली.

कंपनीचा साहेब भला होता. गोव्याला तार केली आहे, म्हणाला, एक पुतण्या आहे, पण तो परदेशात बोटीवर असतो. वाट कुठवर बघणार? दुसऱ्या दिवशी धुळ्यातल्या त्यांच्या दफनभूमीत नेलं. ती रात्र रुक्माबाईनं दवाखान्याच्या ओट्यावर काढली. दफनाला पाद्री, साहेब, जीपचा ड्रायव्हर, खड्डा खणणारे दोघं आणि रुक्माबाई. पाद्र्यानं प्रार्थना म्हटली, सगळ्यांनी मूठमूठ माती टाकली. तिनंही टाकली. साहेबानं तिला विचारलं, बाई, तुम्ही त्यांच्या ओळखीच्या का? तिचं उत्तर दवाखान्याच्या दारातच देऊन झालं होतं.

घरी येऊन तिनं विहिरीवर डोक्यावरून पाणी घेतलं. चुलीतली राख काढून टाकली आणि चूल तशीच थंड ठेवली. देवापुढं दिवा लावला नाही. सुतकात रोट खाता येत नाहीत, म्हणून टोपलीतले रोट नेऊन वाहत्या पाण्यात सोडले. मग जमिनीवर पटकूर टाकून बसली. तोताराम डोकावला तेव्हा म्हणाली, "आठे नको बठू रे. मले सुतक शे."

"कोनं?"

"मेनाजीनं."

तोताराम आला तसा गेला, आणि गाव उठून बसलं. किरिस्तावाचं सुतक! बोरखेड्यात असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. कुणी हसलं, कुणी म्हणालं म्हातारीचं डोकं फिरलं, एवढी म्हातारी ती नव्हती तरी. 

मयताच्या घरी चूल पेटत नाही, भाऊबंद भाकरी घेऊन येतात, दारात माणसं येऊन बसतात, हे सगळ्यांना माहीत असलेलं. चुडामण गेला तेव्हा तिच्या ओट्यावर पाय ठेवायला जागा नव्हती. आता कुणी आलं नाही. येणार नाही हे तिला ठाऊकच होतं, तरी पावलं वाजली की ती पदर सावरून बसायची. बकऱ्या असायच्या. भूक लागली की कोपऱ्यातल्या पोत्यातल्या भुईमुगाच्या शेंगा फोडून खायची. रडू येत नव्हतं. रडायला समोर माणूस लागतं.

दोन-तीन दिवसांनी झुलाल आला. चिंच तोडल्यापासून पहिल्यांदा. बांधापलीकडेच उभा राहिला, कपाळाला आठ्या.

"वहिनी, लोके काय म्हनी ऱ्हायनात, माहीत शे का?"

"पुढे नका येऊ भाऊ. सुतक शे."

"कोनं सुतक? तो कोन व्हता आपला? ना जातना, ना गावना."

"मना घरना व्हता. त्यानी मूठ टाकेल व्हती."

"अशी मूठ टाकीसन कोनी घरनं व्हस का?" झुलालचा आवाज चढला. "आनि तुमनं सुतक म्हने! तुमले सुतक शे, म्हंजे आमले नही का? आम्ही का दुसरा कुळना शेतस? बठ्ठा गाव मले विचारी ऱ्हायना, झुलाल आबा, तुमलेबी लागनं का म्हने. मी काय सांगू?"

"सांगा, रोट येगळा शेतस."

"रोट येगळा करता येतस, वहिनी!" तो ओरडला. "सुतक कोठे येगळं करता येस?"

बोलून गेला आणि थांबला. भांडायला आलेल्या माणसाच्या तोंडून कधी कधी असं निसटतं की त्याचं त्यालाच मागं घेता येत नाही. तो बांधावर बघत राहिला, जिथं चिंचेचं खोड होतं आणि आता नुसते कोंब फुटले होते. वारा सुटला होता, कपाशी हलत होती.

"पितांबरले कळाडं का?" त्यानं विचारलं.

"नही. त्याले काय सांगू?"

"चूल?"

तिनं मान हलवली. त्यानं उघड्या दारातून आत बघितलं. थंड चूल, शेंगांच्या टरफलांचा ढीग. तो वळला आणि निघून गेला. रुक्माबाईला वाटलं, झालं, उरलंसुरलंही तुटलं.

ऊन उतरायच्या सुमाराला ताईबाई आली. डोक्यावर टोपली, वर फडकं. तिनं टोपली उंबऱ्याशी ठेवली, फडकं काढलं. ज्वारीच्या भाकरी, पिठलं, कांदा. मग अंगणात, जरा अंतर ठेवून, मयताला आलेली बाई बसते तशी बसली, तोंडाला पदर लावून. ती रागावलेली होती का, लाजलेली होती का, तिच्या चेहऱ्यावरून कळत नव्हतं. नवऱ्यानं धाडलं म्हणून आली असेल, मनानं आली असेल. आली होती हे खरं.

मयताच्या दारात आलेल्यानं विचारायचं असतं. ते विचारल्याशिवाय बसणं पुरं होत नाही. ताईबाईनं पदराआडून विचारलं, "कसा व्हता वं अक्का तो?"

रुक्माबाईनं तोंड उघडलं आणि तिचं तिलाच कळलं की तिला फार थोडं ठाऊक आहे. त्याच्या आईचं नाव ठाऊक नाही. त्याचं गाव समुद्राकाठी की आत, ठाऊक नाही. घरचे "होते" म्हणाला होता ते कोण कोण, ठाऊक नाही. शेवटी तो काय मागत होता, तेही नाही. तरी ती सांगू लागली. चहात साखर दोन चमचे घ्यायचा. गाय जवळ आली की बाजेवर पाय वर घ्यायचा, विमानाला भ्यायचा नाही आणि गाईला भ्यायचा. शिंक आली की छातीवर बोटं फिरवायचा. पाय दुखायचे त्याचे. मोठ्यानं कधी हसला नाही, पण हसू आलं की खाली बघायचा.

एवढं सांगून झालं आणि सगळं संपलं. ताईबाई अजून बसलेलीच होती, उठायचं नाव घेत नव्हती. रुक्माबाईच्या डोळ्यांतून इतक्या दिवसांचं पाणी खळकन आलं. तिनं ते पुसलं नाही. 

"चहामा साखर दोन चमचा लागे त्याले," ती म्हणाली, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागली.